पायाभरणीच्या पलीकडे: नेहरूंनी विज्ञान-संशोधनासाठी नेमके काय केले?

प्रश्न: खडूफळा

नमस्कार. मी नगर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. येत्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या निमित्ताने, पदवीच्या विद्यार्थ्यांपुढे 'पंतप्रधान आणि प्रयोगशाळा' या विषयावर तासभर बोलायचे आहे. त्यासाठी उदाहरण म्हणून मी जवाहरलाल नेहरूंची कारकीर्द निवडली. टिपणे काढायला बसलो तेव्हा दोन पाने भरल्यावर लक्षात आले की माझ्या वहीत जमले आहेत ते सगळे समारंभच आहेत. ४ जानेवारी १९४७ रोजी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेची कोनशिला. ३ एप्रिल १९४९ रोजी लखनौला बिरबल साहनींच्या पुरावनस्पतिशास्त्र संस्थेची कोनशिला, आणि त्यानंतर आठवड्याभरातच साहनींचे निधन. ३ जानेवारी १९५० रोजी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन. १ जानेवारी १९५४ रोजी कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या इमारतीची पायाभरणी आणि १५ जानेवारी १९६२ रोजी त्याच इमारतीचे उद्घाटन. मार्च १९५९ मध्ये पवईला आयआयटीची पायाभरणी.

कोनशिला बसवणे हे काही संशोधनाला आधार देणे नव्हे. ते कोणताही मंत्री करतो, आणि पुष्कळदा कोनशिलेनंतर तिथे फक्त गवत वाढते. नेहरू केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकले आणि १९१० साली पदवीधर झाले, हेही प्रत्येक लेखात असते. पण विज्ञान शिकलेल्या माणसाच्या हातून विज्ञानाचे भले होतेच असे नाही, हे आपण सगळे आपापल्या कचेऱ्यांत पाहतो.

माझ्या लहानपणापासून मी या विषयावर दोनच प्रकारची भाषणे ऐकत आलो आहे. एकात सगळे काही नेहरूंनी उभारले, आणि दुसऱ्यात त्यांनी फक्त फिती कापल्या. विद्यार्थ्यांना यातले एकही सांगण्याची माझी इच्छा नाही. म्हणून जाणकारांना नेमका प्रश्न विचारतो. त्यांच्या जागी दुसरे कोणी सज्जन, विज्ञानाबद्दल आदर असलेले गृहस्थ बसले असते, तर जे घडले नसते असे काय आहे? असा कोणता निर्णय, कोणती सही, कोणती तरतूद दाखवता येईल?

प्रतिसाद १: जमाखर्च

मी शास्त्रज्ञ नाही. माझी सारी नोकरी सरकारी हिशेबखात्यात झाली, त्यामुळे आपल्या प्रश्नाचे उत्तर मी फायलीच्या बाजूने देतो, आणि माझ्या मते खरे उत्तर तिथेच आहे.

सरकारात एखादे यंत्र विकत घ्यायचे असेल किंवा एखादे पद निर्माण करायचे असेल, तर नुसती मंत्र्यांची इच्छा पुरत नाही. प्रस्ताव खात्यातून निघतो, त्यावर वित्त मंत्रालयाची सहमती लागते, परदेशी चलन लागत असेल तर आणखी एक दार ठोठवावे लागते, आणि प्रत्येक दारात बसलेला माणूस 'या खर्चाची आवश्यकता काय' असे विचारतो. त्याचे काही चुकत नाही. तेच त्याचे काम असते. पण संशोधनात आवश्यकता आधी सिद्ध करता येत नाही, ती नंतर कळते. त्यामुळे साध्या सरकारी रीतीने चालवलेली प्रयोगशाळा वर्षभर पत्रव्यवहार करते आणि मार्च महिन्यात घाईघाईने खरेदी करते.

नेहरूंनी जे केले ते या दारांच्या बाबतीत. २६ एप्रिल १९४८ रोजी होमी भाभांनी त्यांना एक टिपण पाठवले होते. अणुशक्तीचे काम तीनेक माणसांच्या छोट्या पण अधिकारसंपन्न मंडळाकडे द्यावे, आणि त्या मंडळाने मध्ये कोणीही न राहता थेट पंतप्रधानांना जबाबदार असावे, अशी त्यात मागणी होती. 'मध्ये कोणीही न राहता' हे शब्द महत्त्वाचे आहेत. १० ऑगस्ट १९४८ रोजी अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि त्यात खरोखरच तीन माणसे होती: भाभा, शांतिस्वरूप भटनागर आणि के. एस. कृष्णन. त्याच वर्षी वैज्ञानिक संशोधनाचे स्वतंत्र खाते निघाले, ते नेहरूंनी स्वतःकडे ठेवले आणि भटनागरांना त्याचे सचिव केले. ३ ऑगस्ट १९५४ रोजी अणुऊर्जा विभाग निर्माण झाला, तोही थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत. भाभा त्याचे सचिव. म्हणजे शास्त्रज्ञच सचिव, आणि त्याच्यावर मंत्री म्हणून खुद्द पंतप्रधान. मधली उतरंडच काढून टाकली.

या विभागाचे मुख्यालय दिल्लीत नव्हे, मुंबईत ठेवले गेले. बाहेरच्या माणसाला ही किरकोळ गोष्ट वाटेल, परंतु ज्याने दिल्लीच्या कचेऱ्यांत दिवस काढले आहेत त्याला तिचे मोल कळेल. सचिव जिथे राहतो तिथे खात्याचे मन राहते, आणि या खात्याचा सचिव प्रयोगशाळेपासून मोटारीच्या अंतरावर राहत होता.

पण सर्वांत मोठी सही १ मार्च १९५८ च्या ठरावावर झाली, असे मला वाटते. त्या ठरावाने आयोगाला, संसदेने मंजूर केलेल्या अंदाजपत्रकाच्या मर्यादेत, पूर्ण कार्यकारी आणि आर्थिक अधिकार दिले. आयोगात वित्त सदस्य म्हणून एक जण बसवला आणि विभागाच्या आर्थिक बाबींत त्यालाच केंद्र सरकारच्या सचिवाचा दर्जा दिला. अध्यक्षांना इतर सदस्यांचे मत बाजूला सारता येत असे. वित्त सदस्याला मात्र आर्थिक बाबतीत मतभेद झाला तर प्रकरण पंतप्रधान आणि अर्थमंत्री यांच्याकडे पाठवण्याची मागणी करता येत असे. ही रचना किती चतुर आहे ते पाहावे. वित्ताचा पहारा काढला नाही, तर पहारेकरी घरातच आणून बसवला, आणि भांडण झालेच तर ते कारकुनांच्या टेबलावर न जाता सर्वोच्च पातळीवर सुटेल अशी सोय केली.

याचा परिणाम ट्रॉम्बेला दिसतो. 'अप्सरा' अणुभट्टी बांधण्याचा निर्णय १९५५ सालचा आहे, आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिच्यात साखळी प्रक्रिया सुरू झाली. इंधन ब्रिटनमधून आले हे खरे, पण भट्टी इथल्याच मंडळींनी उभारली. सरकारी कामाचा वेग ज्याला ठाऊक आहे त्याने हा काळ मोजून पाहावा. दुसरे सज्जन गृहस्थ त्या खुर्चीवर असते तर त्यांनी भाभांचा सत्कार नक्की केला असता. हा ठराव केला असता की नाही, याची मला शंका आहे.

प्रतिसाद २: नदीकाठ

जमाखर्च यांचे विवेचन उत्तम आहे, पण त्याची सुरुवात १९४८ पासून होते आणि त्यामुळे चित्र थोडे तिरके दिसते. या बहुतेक गोष्टींची मुळे नेहरू पंतप्रधान होण्यापूर्वीची आहेत, आणि हे विद्यार्थ्यांना सांगितलेच पाहिजे.

वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे सीएसआयआर, १९४२ सालची. युद्धामुळे बाहेरून माल येणे थांबले आणि ब्रिटिश सरकारलाच इथल्या संशोधनाची गरज भासली, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळातले रामस्वामी मुदलियार यांनी ती कल्पना पुढे रेटली आणि भटनागर तिचे प्रमुख झाले. राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी उभारण्याचे आराखडे कागदावर होते ते तेव्हापासून. मूलभूत संशोधन संस्थेसाठी भाभांनी १२ मार्च १९४४ रोजी पत्र लिहिले ते टाटांच्या न्यासाला, सरकारला नव्हे. १९४५ मध्ये काम सुरू झाले ते बंगळूरला, आणि त्याच वर्षअखेर संस्था मुंबईत पेडर रोडवरच्या एका बंगल्यात आली. पुण्याच्या रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन नेहरूंनी केले खरे, पण ६ एप्रिल १९४७ रोजी तिची कोनशिला बसवली होती ती मुंबई प्रांताचे पंतप्रधान (म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री) बाळासाहेब खेर यांनी, आणि त्या कामी टाटांची देणगी होती. तमिळनाडूत कारैकुडीला विद्युत्-रसायन संस्था झाली ती अळगप्पा चेट्टियार यांनी जमीन आणि पैसा दिला म्हणून.

त्याहून मागे गेलो तर १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना राष्ट्रीय नियोजन समिती नेमली गेली. विज्ञान आणि उद्योग यांची सांगड घालणारे नियोजन हवे हा आग्रह भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांचा होता. समितीचे अध्यक्षपद विश्वेश्वरय्यांकडे जावे असे आधी घाटत होते. ते नेहरूंनी स्वीकारावे यासाठी साहांनी रवींद्रनाथांकडूनही शब्द टाकवला. थोडक्यात, नेहरूंना या वाटेवर आणण्यात शास्त्रज्ञांचा हात होता. नेत्याने शास्त्रज्ञांना हाताशी धरले असे आपण म्हणतो. इथे आधी उलटे घडले आहे.

मग नेहरूंचे श्रेय काय? माझ्या मते ते नव्या कल्पनेत नाही, मोडता न घालण्यात आहे, आणि हे मी कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. १९४७ सालची स्थिती आठवावी. फाळणी, निर्वासितांचे लोंढे, काश्मीरची लढाई, अन्नधान्याचा तुटवडा. अशा वेळी कागदावरच्या प्रयोगशाळा 'परिस्थिती निवळल्यावर पाहू' असे म्हणून बाजूला ठेवणे सर्वांत सोपे होते, आणि कोणी दोषही दिला नसता. त्याऐवजी १९५० या एका वर्षात दिल्ली, पुणे, जमशेदपूर, धनबाद, कोलकाता आणि म्हैसूर येथल्या प्रयोगशाळा सुरू झाल्या. १९५५ च्या पहिल्याच दिवशी भटनागर गेले, तोवर ही संख्या डझनावर पोहोचली होती. अडचणीच्या काळात एखाद्या खर्चाला कात्री न लावणे हाही निर्णयच असतो, मात्र त्याची कोनशिला कुठे बसवत नाहीत.

प्रतिसाद ३: उलटतपासणी

वरील दोन्ही प्रतिसादांत तपशील चोख आहेत, परंतु दोघांनीही या आधाराची किंमत कोणी मोजली हे विचारलेले नाही. ती विद्यापीठांनी मोजली, आणि खडूफळा स्वतः महाविद्यालयात शिकवत असल्यामुळे त्यांना ती रोज दिसत असणार.

मेघनाद साहांचे नाव नदीकाठ यांनी घेतले. त्यांची पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. १९४८ साली अणुऊर्जा आयोग स्थापण्यास साहांचा विरोध होता. देशात पुरेसा औद्योगिक पाया नाही आणि प्रशिक्षित माणसे नाहीत, तेव्हा आधी विद्यापीठांतून अणुभौतिकी शिकवा, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी स्वतः कोलकात्याला विद्यापीठाच्या आश्रयाने अणुभौतिकीची संस्था उभारली, आणि १९५० साली तिचे उद्घाटन आयरीन जोलिओ-क्यूरी यांनी केले. ज्या माणसाने नेहरूंना नियोजनाकडे वळवले तो माणूस १९५२ साली अपक्ष म्हणून लोकसभेत निवडून आला आणि मे १९५४ मध्ये, अणुशक्तीच्या शांततामय उपयोगावरच्या चर्चेत, नेहरूंच्याच धोरणाची चिरफाड करू लागला. त्याचे आक्षेप दोन होते. एक, हे संशोधन पडद्याआड चालले आहे. दोन, ते विद्यापीठांना वगळून चालले आहे. फेब्रुवारी १९५६ मध्ये साहा वारले, आणि संसदेत तेवढ्या अधिकाराने बोलू शकेल असा दुसरा शास्त्रज्ञ उरला नाही.

पडद्याचा प्रश्न तर त्याआधीच निघाला होता. एप्रिल १९४८ मध्ये संविधान सभेत अणुऊर्जा विधेयक आले तेव्हा एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी विचारले होते की ब्रिटनच्या कायद्यात गुप्तता संरक्षणाच्या कामापुरती आहे, मग आपल्याकडे ती सगळ्याच संशोधनावर का? शांततेचे काम कुठे संपते आणि संरक्षणाचे कुठे सुरू होते हे वेगळे करणे आपल्याला जमत नाही, असे नेहरूंनी प्रामाणिकपणे कबूल केले, आणि विधेयक मंजूर झाले. प्रामाणिकपणा मान्य, पण ज्या प्रश्नाचे उत्तर खुद्द पंतप्रधानांपाशी नव्हते त्यावर कायद्याचे झाकण घालण्यात आले हेही तितकेच खरे.

जमाखर्च ज्याला 'मध्ये कोणीही न राहता' म्हणतात त्याचा दुसरा अर्थ असा की पंतप्रधानांचा ज्याच्यावर विश्वास, त्याच्या आवडीचे विज्ञान मोठे. भाभा नेहरूंना पत्रात 'भाई' म्हणून संबोधत. असा संबंध ज्याचा नव्हता त्याने काय करायचे? सी. व्ही. रामन यांनी आपल्या बंगळूरच्या संस्थेसाठी सरकारी पैसा घ्यायचे नाकारले, आणि शाहजहानने पत्नीला पुरण्यासाठी ताजमहाल बांधला तसा भटनागरांनी उपकरणे पुरण्यासाठी प्रयोगशाळा बांधल्या, असे ते म्हणाल्याचे सांगतात. रामन यांची जीभ तिखट होती आणि हा टोमणा अन्यायाचा आहे, पण त्यात एक निरीक्षण आहे: इमारती आणि यंत्रे आधी आली, त्यांवर काम करणारी तरुण पोरे कुठून येणार हा विचार मागाहून झाला.

आपल्या मुलुखातले उदाहरण हवे असेल तर दामोदर धर्मानंद कोसंबी घ्या. गोव्यात जन्मलेला, पुण्यात राहणारा, डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करणारा हा गणिती १९४६ पासून भाभांच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होता. भारतासारख्या उन्हाच्या देशाने अणुशक्तीच्या मागे लागण्यापेक्षा सूर्याच्या उष्णतेवर संशोधन करावे, असे तो उघडपणे लिहीत आणि बोलत असे. १९६२ साली संस्थेने त्याचा करार पुढे वाढवला नाही. एवढ्या एका मतामुळेच हे झाले असा माझा दावा नाही. संस्थेला त्याच्या गणिताबद्दल आणि हजेरीबद्दलही तक्रारी होत्या. परंतु अणुऊर्जेचे धोरण, त्याचा पैसा आणि त्यावर टीका करणाऱ्याची नोकरी ही तिन्ही एकाच माणसाच्या हाती असली, की टीका करायला किती जण धजतील? पंतप्रधानांनी मधली दारे काढली ती भाभांसाठी. कोसंबींसाठी दार एकच उरले, आणि ते भाभांचे होते.

खडूफळा (प्रश्नकर्ता)

तिघांचेही मनापासून आभार. १ मार्च १९५८ चा ठराव मला ठाऊकच नव्हता. माझ्या टिपणांत होता तो त्यानंतर तीन दिवसांनी, ४ मार्चला झालेला विज्ञान धोरणाचा ठराव, जो सगळीकडे उद्धृत होतो. आता दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तर गंमत वाटते. एकात शुद्ध, उपयोजित आणि शैक्षणिक अशा सर्व प्रकारच्या संशोधनाला उत्तेजन देण्याचे आणि शास्त्रज्ञांना मानाचे स्थान देण्याचे आश्वासन आहे, तर दुसऱ्यात धनादेशावर सही कोणी करायची ते लिहिले आहे. प्रसिद्धी आश्वासनाला मिळाली.

उलटतपासणी यांना एक विचारतो. विद्यापीठांतूनच हे काम करायचे असे नेहरूंनी ठरवले असते, तर ते तेव्हा शक्य होते का? माझ्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेकडे पाहून मला 'हो' म्हणवत नाही, पण ती तशी का राहिली हाच तर मूळ प्रश्न आहे.

प्रतिसाद ४: जमाखर्च

प्रश्न मला विचारलेला नाही, तरी उत्तरातला एक भाग माझ्या वाटचा आहे.

१९७६ च्या घटनादुरुस्तीपर्यंत शिक्षण हा राज्यांच्या सूचीतला विषय होता. काही केंद्रीय विद्यापीठे सोडली तर पंतप्रधानांचा हात विद्यापीठांपर्यंत थेट पोहोचत नव्हता. पोहोचायचे ते विद्यापीठ अनुदान आयोगामार्फत, आणि त्याला कायद्याचा आधार मिळाला १९५६ साली. त्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देऊन बाहेर पडलेले चिंतामणराव देशमुख या आयोगाचे अध्यक्ष झाले. माणूस अव्वल, पण साधन तोकडे. आयोगाच्या अनेक योजनांत राज्याने आपला जुळता हिस्सा घालायचा असे आणि राज्याची तिजोरी नेहमीच 'पुढच्या वर्षी' म्हणत असे. वीस विद्यापीठांत वीस सरकारांशी बोलून अणुभट्टी उभी राहिली नसती.

शिवाय माणसे घडवण्याचा विचार झालाच नाही हे म्हणणे बरोबर नाही. ट्रॉम्बेची प्रशिक्षणशाळा १९५७ साली सुरू झाली आणि देशभरातल्या महाविद्यालयांतून निवडलेली मुले वर्षभर शिकवून कामावर घेतली जाऊ लागली. याला आपण विद्यापीठांतली चांगली मुले पळवणे म्हणाल. त्या मुलांना विचारले असते तर त्यांनी वेगळे उत्तर दिले असते.

गुप्ततेबद्दल आणि कोसंबींबद्दल आपण जे लिहिले त्यावर मात्र मला उत्तर नाही. वित्त सदस्याला वर दाद मागता येईल अशी तरतूद ठरावात होती. शास्त्रज्ञाला दाद मागता येईल अशी नव्हती.

प्रतिसाद ५: उलटतपासणी

शिक्षण राज्यांच्या सूचीत होते हा मुद्दा मी पुरेसा विचारात घेतला नव्हता, हे मान्य करतो. तरीही मंत्रिमंडळाची वैज्ञानिक सल्लागार समिती १९५६ साली झाली आणि तिचे अध्यक्षही भाभाच होते. ज्यांनी सल्ला द्यायचा होता आणि ज्यांना पैसा मिळत होता ती माणसे बव्हंशी एकच होती. त्या मेजावर विद्यापीठाच्या वतीने हट्टाने बोलणारा कोणी असता, तर प्रत्येक राष्ट्रीय प्रयोगशाळा एखाद्या विद्यापीठाच्या आवारात किंवा निदान त्याच्या कुंपणाला लागून बांधा, एवढे तरी झाले असते.

ते शक्य होते याचा पुरावा पुण्यातच आहे, मात्र चाळीस वर्षे उशिराचा. १९८८ साली विद्यापीठाच्या आवारात आयुका या आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र संस्थेचे काम सुरू झाले आणि तिच्यासाठी जयंत नारळीकर टाटा मूलभूत संशोधन संस्था सोडून पुण्याला आले. कल्पनेमागे होते ते यशपाल, तेव्हाचे अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि स्वतः त्याच कुलाब्याच्या संस्थेत वाढलेले. कोणत्याही विद्यापीठातल्या शिक्षकाने यावे, उपकरणे आणि ग्रंथालय वापरावे, परत जाऊन शिकवावे, हाच तिचा हेतू. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या महाकाय दुर्बिणीचे केंद्रही त्याच आवारात आहे. कुलाब्याच्या भिंतीआड जे साठले होते त्यातले काही अशा रीतीने विद्यापीठाकडे परत आले. नेहरूंच्या काळात मागायला कोणी नव्हते असे नाही. साहा मागत होते.

प्रतिसाद ६: नदीकाठ

एक छोटी भर. पुण्याच्या रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक जेम्स मॅकबेन हे अमेरिकेतल्या स्टॅनफर्डहून आलेले, दुसरे जॉर्ज फिंच हेही बाहेरचेच. भारतीय संचालक, म्हणजे के. वेंकटरामन, आले ते १९५७ साली. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशात परदेशी माणसाला प्रमुख नेमणे ही राजकीयदृष्ट्या सोयीची गोष्ट नव्हती. स्वदेशीच्या चळवळीत वाढलेल्या पुढाऱ्याने ती चालू दिली, हेही आपल्या 'कोणता निर्णय' या प्रश्नाच्या उत्तरात बसते. याबद्दल फार कोणी लिहीत नाही.

आणि विद्यार्थी आजच्याबद्दल विचारतीलच, म्हणून सांगतो. २०२३ च्या कायद्याने झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानच्या नियामक मंडळाचे अध्यक्षही पंतप्रधानच असतात. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचा आकडा त्यासाठी जाहीर झाला आहे, त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यावा अशी अपेक्षा आहे, आणि राज्य विद्यापीठांत संशोधन रुजवणे हा घोषित हेतूंपैकी एक आहे. म्हणजे साहांची मागणी आणि भाभांची रचना एकाच कायद्यात आली आहे. वित्त सदस्याचे काय झाले ते जमाखर्च यांनी पाहून सांगावे.

प्रतिसाद ७: किल्ल्याजवळचा

मी नगरचाच. वरील चर्चेत भर घालण्याइतका माझा अभ्यास नाही, परंतु खडूफळा सरांनी भाषणाची सुरुवात कुठून करावी हे सुचवतो, कारण ते ठिकाण त्यांच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचे आहे.

जानेवारी १९४३ च्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अधिवेशनासाठी अध्यक्ष म्हणून नेहरूंची निवड झाली होती. शास्त्रज्ञांनी एका राजकीय पुढाऱ्याला, तोही सरकारच्या नजरेत बंडखोर असताना, आपला अध्यक्ष निवडले होते. पण ऑगस्ट १९४२ पासून नेहरू नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. अधिवेशन कोलकात्याला झाले आणि अध्यक्षस्थानी भूगर्भशास्त्रज्ञ दाराशा वाडिया बसले. त्याच कैदेत नेहरूंनी जो ग्रंथ लिहिला त्यात 'वैज्ञानिक दृष्टिकोन' या कल्पनेवरची पाने आहेत. अध्यक्षपदाचे राहून गेलेले भाषण त्यांनी चार वर्षांनी, जानेवारी १९४७ मध्ये, दिल्लीच्या अधिवेशनात केले, आणि त्याच मुक्कामी आपल्या यादीतली पहिली कोनशिला बसली.

खडूफळा (प्रश्नकर्ता)

किल्ल्याजवळचा, आपण माझी यादीच उलटी करून दिलीत. त्या कोनशिलेच्या आधी चार वर्षे एक रिकामी खुर्ची होती, हे माझ्या वहीत कुठेच नव्हते.

भाषण आता तीन भागांत करतो: किल्ला, १ मार्चचा ठराव, आणि लोकसभेतले साहा. कोनशिलांची पाने फाडत नाही, पण ती वाचूनही दाखवणार नाही. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे साठ मुलांना घेऊन ती खोली पाहायची असेल तर आधी कोणाकडे अर्ज करावा लागतो, एवढे कृपया कळवावे.